करड्या बाईशी ओळख

५ मार्च १९५४

इस्पितळातून सुटलो. छातीतली घरघर तिथेच ठेवून यावी म्हणत होतो, पण तिचा माझ्यावर जीव जडलेला दिसतो. बरोबर आलीच. गाडी वळणावर आली, बीचच्या झाडांच्या उघड्या फांद्यांतून मेरिसकोम हॉलची लांबलचक दगडी भिंत दिसली आणि डोळे भरून आले. ड्रायव्हरला म्हणालो, डोळ्यांत धूळ गेली. सकाळपासून पाऊस पडत होता.

या घरात मुलांना शिकवायला म्हणून आलो तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. मुलं मोठी झाली. दोघं पहिल्या महायुद्धात गेली ती परत आली नाहीत. उरली नोरा. आज ती लेडी होनोरिया आहे, हॉलची मालकीण. पण मला अजून दाराशी उकिडवी बसून भावांचा धडा चोरून ऐकणारी नोराच दिसते. मला कुणी ‘जा’ म्हणालं नाही, म्हणून मी राहिलो. वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या टोकाची जुनी शाळेची खोली माझी. इतकी वर्षं इथे आहे की नव्या माणसाला घराची माहिती देताना माझा उल्लेख करायचं कुणाच्या मनातच येत नाही. जिन्यातल्या घड्याळाचाही कोण करतं?

चहाच्या वेळी नोरा म्हणाली, “मास्तर, तुम्ही नव्हतात तेव्हा पूर्वेच्या खोल्यांची जरा व्यवस्था लावलीय.” बोलताना तिचे कान लाल झाले आणि हातातला केक तिने कुत्र्याला दिला.

“बरं केलंस,” मी म्हणालो, “ओल फार धरली होती तिकडे.”

“हो,” ती म्हणाली, “ओलच.” आणि कुत्र्यांच्या पिसवांवर बोलू लागली.

हल्ली असली घरं सांभाळणं कठीण झालंय खरं. शेजारच्या कर्नलबाईंनी तर म्हणे चक्क भाडेकरू ठेवलाय. नोरा उपाशी राहील, पण असलं काही करायची नाही.

९ मार्च

अक्षर मुलांसारखं येतंय.

दुपारी लांब दालनात गेलो होतो. घरात ऊब असलेली ती एकच जागा. गरम पाण्याचा नळ तिथल्या फरशीखालून जातो. गारठा नको म्हणून शिकवतानाचा माझा जुना काळा झगा अंगात घातला होता. तसबिरींखालून सावकाश चालत होतो, ओठांत कवितेच्या ओळी होत्या. दालनाच्या दुसऱ्या टोकाला पाहतो तर ती!

करडी बाई. आपली अरबेला, हॉलचं जुनं भूत.

इतकी वर्षं मी तिची कथा मुलांना सांगितली. दर्यावर गेलेल्या प्रियकराची वाट पाहत खिडकीतल्या बैठकीवर बसून राहिली, आणि बर्फाच्या फेब्रुवारीत तिथेच तिने डोळे मिटले. चोरून का होईना, एकदा तरी दिसावी म्हणून तरुणपणी इथे किती फेऱ्या मारल्या असतील! तेव्हा आली नाही. आता, मी ऐंशीला टेकल्यावर आली.

अंगावर राखी, लोकरीसारखं मऊ वस्त्र होतं. केस पांढरे, दुःखाने पिकले असणार. डोळ्यांत शतकांची वाट पाहणं. आणि हवेत पेपरमिंटचा मंद वास. हॉलच्या जुन्या औषधी बागेत पुदिना होताच म्हणे.

तीही मला पाहून थबकली. एकदा शिंकली. मग भिंतीकडे तोंड करून सरसर निघून गेली.

मी काही बोललो नाही. कसा बोलणार? आमची ओळख कुठे करून दिलीय कुणी? स्त्रीशी आपण होऊन बोलणं माझ्या आईने मला शिकवलेलं नाही. आग लागली असती तरी मी आधी ओळख करून देणारा तिसरा माणूस शोधला असता.

१० मार्च

न्याहारीला नोराला सांगितलं, करडी बाई दिसली.

“औषध किती चमचे घेता?” ती म्हणाली.

“राखी वस्त्रं, नोरा. जणू धुकं विणून केलेली. डोळ्यांत समुद्र.”

“मिसेस ट्रॉट, मास्तरांना आज कॉफी नको.”

१३ मार्च

स्वयंपाकघरात गेलो होतो. मिसेस ट्रॉट कणीक मळत होत्या. या बाईंनी बिशपांना एकदा “पाय पुसा” म्हणून दारात उभं केलं होतं, म्हणून मी जपून विषय काढला.

“मिसेस ट्रॉट, ती लांब दालनातली बाई...”

“कोण, ती करडी होय?” मान वर न करता.

“तुम्हीही पाहिलीत?”

“रोज पाहते. न पाहून चालतंय कुठे? फेब्रुवारीपासून आहे.”

फेब्रुवारी! मृत्यूचा महिनासुद्धा बरोबर. घराचा इतिहास या लोकांच्या रक्तात असतो.

“त्रास देते का हो?”

“त्रास म्हणजे, मुरंबा फार लागतो. अन् अंडं जरा कडक झालं की परत येतं खाली.”

“आणि तुम्हाला भीती नाही वाटत?”

“माझी सासू पाहिली असतीत तर हे विचारलं नसतंत. बाजूला व्हा मास्तर, पीठ उडतंय.” मग मी दाराशी गेलो तशा म्हणाल्या, “तुमचं विचारत होती परवा. म्हणाली, तो वरती काळा झगा घालून हिंडतो तो कोण? म्हटलं, ते आमचे मास्तर. ते कायमचे इथलेच. ऐकू आले तरी लक्ष देऊ नका, कुणाला काही करत नाहीत.”

तिने माझं विचारलं! जिवंतांपैकी कुणी विचारून किती दिवस झाले.

आणि जुने लोक मृतांसाठी घास काढून ठेवत, ती रीत या घरात मुरंब्याच्या रूपाने अजून चालू आहे, ही केवढी सुंदर गोष्ट! वर येताना जिन्यात बसून थोडा वेळ हेच मनात घोळवत राहिलो.

१७ मार्च

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

दालनात मी ‘दीपगृहाची लेक’ म्हणत होतो. वर्षानुवर्षं या घराच्या शाळेत मी ती कविता शिकवली. पावसाळी दुपारी, विस्तव तडतडतोय, मुलांची बोटं शाईने निळी आणि दोन कोवळे आवाज एका सुरात. नोराचा दाराबाहेरून येणारा तिसरा.

वादळ उठले, विझला दीप,
खडक काळे किती समीप!
बाप दूर अन् रात अंधारी,
लेक एकटी चढे पायरी...

इथे थांबलो. आजारपणात माझं काहीतरी गळून पडलंय. शब्द असतात, पण जिन्याची एखादी पायरी नसावी तसे मध्येच नसतात. मी कपाळ चोळत उभा राहिलो. आणि मागून, दालनाच्या त्या टोकाकडून, स्वच्छ, गोल, प्रत्येक अक्षर घासूनपुसून ठेवल्यासारखा आवाज आला:

हाती कंदील, केस मोकळे,
ओठ थरथरत, पाय न ढळे...

ती होती. पाठ माझ्याकडे, डोळे तसबिरीकडे. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. पुढची ओळ मी म्हणालो, तिच्या पुढची ती. असं करत शेवटच्या कडव्यापर्यंत आलो:

जहाज आले, पहाट झाली,
सारी माणसे धावत आली,
शोधिती वरती, शोधिती खाली...

शेवटची ओळ मला आठवेना. तिलाही येत नसावी. ती थोडा वेळ थांबली, पेपरमिंटचा कागद वाजवला आणि गेली.

ओळख नसताना बोललो, असं कुणी म्हणू शकणार नाही. हे बोलणं नव्हतं. कवितावाचन होतं. त्याला ओळख लागत नाही.

१८ मार्च

दिवसभर ती ओळ शोधतोय. पुस्तक धाकट्याने लढाईवर नेलं होतं. लढाईवर जातानाही कविता नेणं, अभिरुची म्हणायची ती हीच. पुस्तक हरवलं तर हरवू दे.

२३ मार्च

रोज दुपारी चार वाजता मी या टोकाला, ती त्या टोकाला. मध्ये तीन पिढ्यांच्या तसबिरी. ती नेहमी फरशीखालच्या गरम नळाजवळच्या खुर्चीत बसते. तिचा तो खिडकीतला प्रसिद्ध कोपरा मात्र मोकळाच असतो. आठवणी नको वाटत असतील बिचारीला. खोलीत आता मला कंटाळा येत नाही. सकाळी उठल्यावर आज काय म्हणायचं ते ठरवतो, दाढी करताना घोकतो. शिकवणं सुटल्यापासून मला ऐकणारं कुणी नव्हतं, हे मला इतके दिवस कळलंच नव्हतं.

आज माझ्या टोकाच्या टेबलावर बशीत आल्याचं एक बिस्किट ठेवलेलं होतं. ती दूर उभी राहून माझ्याकडे न पाहता पाहत होती. मी वाकून अभिवादन केलं आणि खाल्लं. परलोकातलं बिस्किट जरा मऊ पडलेलं असतं. पण मी ते शेवटच्या कणापर्यंत खाल्लं, आणि तिने छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला.

परतफेड म्हणून बागेतल्या व्हायोलेट्सची लहानशी जुडी खिडकीतल्या बैठकीवर ठेवून आलो. तिचीच ती जागा.

२४ मार्च

फुलं नाहीत. घेतली!

२६ मार्च

अनर्थ. आणि तो मीच ओढवून घेतलाय.

नोराने मला बागेत गाठलं. हातात कात्री, पायात रबरी बूट, चेहरा पंचायतीला निघाल्यासारखा.

“मास्तर, तुम्हाला भूत दिसलं ते मी हसण्यावारी नेलं. पण आता पूर्वेकडूनही तक्रार आलीय.”

“पूर्वेकडून? कुणाची?”

नोरा पुन्हा लाल झाली. “आली कुणाची तरी. दोन आठवड्यांपूर्वीच आली होती, मी उत्तर दिलं नाही. काळा झगा घातलेला म्हातारा, दुपारचा हिंडतो आणि मोठमोठ्याने विव्हळतो. म्हणजे तुमची ती बाई आणि हा बुवा. दोन! एखादं असतं तर मी घराण्याची शोभा म्हणून ठेवून घेतलं असतं. पाद्री पिमला सांगितलंय. गुरुवारी येतोय घंटा घेऊन. दालन स्वच्छ करून टाकू.”

“स्वच्छ म्हणजे?”

“म्हणजे घालवून देऊ. कायमचं.”

मी गुलाबाच्या वाफ्याच्या कडेवर बसलो. नोरा म्हणाली, “तिथे खत टाकलंय, मास्तर.” मी उठलो नाही.

ती जाणार. माझ्या तोंडून ‘करडी बाई दिसली’ हे शब्द निघाले नसते तर नोराने ती दुसरी तक्रार कधीच कचऱ्यात टाकली असती. तिने माझ्यासाठी बिस्किट ठेवावं आणि मी तिच्यावर पाद्री सोडावा!

त्या म्हाताऱ्याचं मात्र नवल वाटतं. मी रोज दुपारी दालनात असतो. मला तो कधी दिसला नाही. आज संध्याकाळच्या आत झगा घालून सगळा मजला त्याला शोधत फिरलो. मोठ्याने हाकाही मारल्या. पूर्वेकडचं एक दार धाडकन बंद झालं, एवढंच. तो तिकडेच असणार.

२७ मार्च

तिला सावध करायचं तर तिच्याशी बोललं पाहिजे, आणि बोलायचं तर ओळख पाहिजे. सकाळी नोराकडे गेलो.

“मी भुतांची ओळख करून देत नाही,” ती म्हणाली. “माणसांचीच नावं माझ्या लक्षात राहत नाहीत.”

मग गावात चालत गेलो पाद्र्याकडे. रेव्हरंड पिम तरुण आहेत, नोराला घाबरतात, आणि रविवारच्या प्रवचनातही मासेमारीचे दाखले देतात. त्यांच्या टेबलावर गळ आणि पिसं पसरली होती.

“साहेब, तुमच्या पोथीत भूत घालवायचा विधी आहे?”

“आहे. पण मी तो कधी केलेला नाही, थर्लबीसाहेब. खरं सांगू? मला भुतांची भीती वाटते.”

“आणि एका सद्गृहस्थाची भुताशी रीतसर ओळख करून देण्याचा?”

त्यांनी खरोखर पोथी उघडली. भला माणूस. पानं चाळली, अनुक्रमणिका पाहिली. “बाप्तिस्मा आहे, लग्न आहे, समुद्रावरच्या वादळातली प्रार्थना आहे. ओळख नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही तिला गुरुवारच्या आधी आपणहून जायला सांगू शकाल का? म्हणजे माझंही निभावेल.”

सगळे तिला घालवायलाच बसलेत.

३१ मार्च

उपाय सापडला, आणि तो इतका सोपा होता की स्वतःचीच लाज वाटली. कवितेला ओळख लागत नाही! सकाळभर खपून चार ओळी जुळवल्या. वृत्त जरा लंगडं आहे, पण पाय मोडलेल्या घोड्यावरूनही निरोप्याने निरोप पोचवला पाहिजे.

दुपारी ती माझ्याआधीच आली होती. आज भलतीच अस्वस्थ. मी घसा खाकरला आणि तसबिरीकडे पाहत म्हणालो:

करड्या वस्त्रांतिल छाये, ऐक,
उद्या येतसे पाद्री एक,
हाती घंटा, ओठी मंत्र,
तुज हाकलण्या रचले तंत्र!

पण माझ्या शेवटच्या दोन ओळींवर तिचाही आवाज चढला. दोघंही एकाच वेळी, दोघंही जिवाच्या आकांताने. तिच्या ओळी या:

जा हो आजोबा, लपा कुठेतरी,
उद्या ये संकट तुमच्या दारी!
काळा झगा तो दिसता कोणा,
पुसून टाकतिल तुमच्या खुणा!

मी थक्क झालो. एक तर तिचं वृत्त माझ्यापेक्षा सरस होतं. दुसरं, ‘आजोबा’ हे जरा खटकलं. ती गेली दोनशे वर्षांपूर्वी, तेव्हा हिशेबाने आजी ती. पण मग अर्थ उलगडला. ती त्या दुसऱ्या भुताला, काळ्या झग्यातल्या म्हाताऱ्याला सावध करत होती! स्वतः बुडत असताना शेजाऱ्याची काळजी. काय हे काळीज!

तिला हात लावण्याआधी उद्या पाद्र्याला माझ्याशी गाठ पडेल.

१ एप्रिल, गुरुवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

चारला मंडळी वर आली. पुढे नोरा आणि तिचे दोन स्पॅनियल, मागे रेव्हरंड पिम, चेहरा कॉलरपेक्षा पांढरा, आणि सगळ्यांत मागे मिसेस ट्रॉट चहाचा ट्रे घेऊन. त्यांना म्हणे बघायचं होतं. मी आधीच जाऊन झगा नीटनेटका करून उभा होतो. ती खुर्चीतून उठली.

पिमसाहेबांनी घंटा उचलली. मी धावलो. ऐंशीत जितकं धावता येतं तितकं. “खबरदार!” मी ओरडलो आणि हात पसरून तिच्यापुढे उभा राहायला गेलो. नेमकी त्याच क्षणी ती “त्या बिचाऱ्याला शिवू नका!” असं ओरडत हात पसरून माझ्यापुढे यायला निघाली. दालनाच्या मधोमध आम्ही एकमेकांवर आदळलो आणि गालिच्यावर बसलो. पिमसाहेबांच्या हातून घंटा पडली ती गडगडत जिन्याखाली गेली.

तिचं कोपर चांगलंच टणक होतं. भुताचं कोपर इतकं लागत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग नोरा म्हणाली, “मिस टॅप्स्कॉट, मास्तरांच्या पायावरून उठता का? त्यांना संधिवात आहे.”

“मास्तर?” ती बाई म्हणाली. “हे मास्तर? पण मास्तर तर... वारले ना?”

“कोण म्हणालं?”

“या!” तिने मिसेस ट्रॉटकडे बोट केलं. “या म्हणाल्या, ते कायमचे इथलेच, ऐकू आले तरी लक्ष देऊ नका!”

“मग यातलं खोटं काय आहे?” मिसेस ट्रॉट म्हणाल्या. ट्रेवरच्या किटल्या खुळखुळत होत्या. बाई हसत होत्या की थरथरत होत्या ते कळेना.

“आणि तुम्ही,” नोरा माझ्याकडे वळली, “तुमची ती धुकं पांघरलेली, डोळ्यांत समुद्र असलेली अरबेला ती ही? मिस टॅप्स्कॉट, जी तीन आठवडे रोज माझ्याकडे अंड्याची तक्रार करतेय ती?”

“पण ती कोण आहे, नोरा?” मी अजून गालिच्यावरच होतो.

नोरा गाजरासारखी लाल झाली. “सांगितलं होतं ना तुम्हाला. पूर्वेची... व्यवस्था.” आणि मग एकदम, शरमेचा कडेलोट झाल्यासारखी ओरडली, “भाडेकरू! भाडेकरू आहेत त्या! छप्पर गळतंय, मास्तर! काय करू मी?”

पिमसाहेब म्हणाले, “एवढे दिवस एका घरात राहून तुम्ही एकमेकांशी बोलला कसे नाहीत?”

आम्ही दोघांनी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहिलं. इतका शिकलेला माणूस, आणि काय हा प्रश्न!

“ओळख कुठे झाली होती?” मिस टॅप्स्कॉट म्हणाल्या.

तेव्हा नोराने कपाळाला हात लावला आणि जे मी पाच दिवसांपूर्वी मागितलं होतं ते अखेर केलं. “मिस विनिफ्रेड टॅप्स्कॉट, मुलींच्या शाळेत पठण शिकवत होत्या. मिस्टर एडमंड थर्लबी, आम्हाला शिकवत होते. झालं. आता चहा.”

आम्ही बसल्या बसल्या हस्तांदोलन केलं. त्यांचा हात गरम होता.

एक गोष्ट राहिली. या गोंधळात कुत्री आमच्याकडे आलीच नाहीत. दोन्ही खिडकीतल्या बैठकीपुढे जाऊन बसली होती, रिकाम्या उशीकडे पाहत, शेपट्या हलवत. नोरा म्हणाली, उंदीर असेल.

२ एप्रिल

कोपर सुजलंय. माझंच.

६ एप्रिल

मला वाटलं होतं, आता काय हवं ते बोलता येईल.

शनिवारी दुपारी चारला दालनात गेलो. मिस टॅप्स्कॉटही आल्या. झगा घातला नव्हता. ओळखीच्या बाईसमोर बरा दिसत नाही. त्यांनीही तो राखी स्वेटर काढून तपकिरी घातला होता.

“यंदा वसंत उशिरा आला,” त्या म्हणाल्या.

“हो ना. गारठा आहे अजून.”

“पण दिवस मोठे व्हायला लागलेत.”

“लागलेत खरे.”

मग घड्याळ ऐकलं. बिस्किटं होती, रुमाल घालून, चांगल्या बशीत. मी एक घेतलं, त्या म्हणाल्या अजून घ्या, मी म्हणालो नको. कविता म्हणायला तोंड उघडलं, पण ओळखीच्या बाईच्या तोंडावर “वादळ उठले” असं एकदम कसं म्हणायचं? वेड लागलंय म्हणतील. परवाही हवामानच झालं. काल त्यांच्या बहिणीचा गुडघा.

आज काहीतरी विषय हवा म्हणून विचारलं, व्हायोलेट्स आवडल्या का? “कुठल्या व्हायोलेट्स?” त्या म्हणाल्या. खिडकीपाशी त्या कधी जातच नाहीत. तिथे फार थंड लागतं. केरात गेल्या असतील.

पिमसाहेबांच्या घंटेला जमलं नसतं ते ओळखीने करून दाखवलं. करडी बाई गेली. कायमची.

८ एप्रिल

खोलीतच राहिलो. कुणाला कळलं नाही. जेवण वर मागवलं. मिसेस ट्रॉट ट्रे ठेवताना म्हणाल्या, “पूर्वेकडेही ट्रेच गेलाय. तिकडेही अंड्याबद्दल अवाक्षर नाही. आजारी पडायला लागलेत सगळे.”

९ एप्रिल

आज दारावर टकटक झाली. मिस टॅप्स्कॉट! शाळेच्या खोलीच्या दारात, जिथे नोरा उकिडवी बसायची तिथे उभ्या. आत आल्या नाहीत.

“मिस्टर थर्लबी,” त्या म्हणाल्या, भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत, “मी अंड्यांवरून भांडणारी बाई आहे, मला आडून बोलता येत नाही. मला तुमचं भूत जास्त आवडत होतं.”

मी म्हणालो, “तुमचंही फार लोभस होतं.”

“ती ओळख झालीच नाही, असं धरून चालता येईल का?”

अशी गोष्ट एकट्याने ठरवायची नसते. खाली जाऊन नोराला विचारलं. ती कुत्र्यांचे कान साफ करत होती.

“ओळख परत घ्यायचीय?” ती म्हणाली. “मास्तर, असं कधी कुणी केलंय?”

“तू करून दिलीस, तूच परत घेऊ शकतेस.”

ती कुत्रा सोडून उठली, हात स्कर्टला पुसले आणि लहानपणी धडा म्हणताना उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. “मिस टॅप्स्कॉट आणि मिस्टर थर्लबी एकमेकांना ओळखत नाहीत,” ती म्हणाली. “बास? आता जा. आणि भाडेकरू टिकवा माझी.”

१० एप्रिल

लख्ख ऊन. दुपारी चारला काळा झगा घालून दालनात गेलो. दुसऱ्या टोकाला, नळाजवळच्या खुर्चीपाशी, राखी स्वेटरातली एक अनोळखी बाई उभी होती. टेबलावर एक मऊ पडलेलं बिस्किट. पेपरमिंटचा वास. मी तिच्याकडे पाहिलं नाही. छातीतली घरघरसुद्धा गप्प होती.

वादळ उठले, विझला दीप...

ओळीमागून ओळ, या टोकाकडून त्या टोकाकडे. मुलांचे आवाज आठवले, आणि आज पहिल्यांदा ते आठवूनही ओळ तुटली नाही. कंदील घेऊन लेक वर चढली, जहाज वाचलं, पहाट झाली.

सारी माणसे धावत आली,
शोधिती वरती, शोधिती खाली...

इथे मी थांबलो. तीही थांबली. ती ओळ आम्हा दोघांनाही येत नव्हती.

आणि दालनाच्या मधोमध, खिडकीतल्या बैठकीकडून, वर्षानुवर्षं वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाठ केल्यासारख्या, जरा लाजऱ्या, तरुण आवाजात कुणीतरी म्हणालं:

‘इथेच आहे मी,’ कुणी म्हणाली.

हीच! हीच ती ओळ! वृत्तासकट, अचूक. व्हायोलेट्सचा वास आला.

मिस टॅप्स्कॉट तसबिरीकडे पाहत होत्या. मी माझ्या बुटांकडे. आमच्यापैकी कुणीही तिकडे मान वळवली नाही. कशी वळवणार? ओळख कुठे करून दिली होती कुणी?

मी घसा खाकरला आणि कविता पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.